बाईंनी न बघता घेतलेली खुर्ची

बारामतीच्या स्टेशनावर मी उतरले तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि मुलींच्या शाळेतल्या हेडबाईंच्या नावची चिठ्ठी एवढंच होतं. टांगेवाल्याला म्हटलं, मुलींच्या शाळेत चला. त्याने आधी घोड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आज रविवार हाय. शाळा बंद. बाईंना भेटायचंय का?"

"हो."

"मग शाळंत कशाला? बाई अत्ताराच्या दुकानात बसल्या असत्याल."

मला वाटलं, काही घ्यायला गेल्या असतील. पण टांगेवाल्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. दुकानाच्या फळीपुढे, जवळजवळ रस्त्यातच म्हणावी अशी, एक आरामखुर्ची मांडली होती. तिच्यात पन्नाशीच्या एक बाई डोळे मिटून पडल्या होत्या. पांढरं नऊवारी पातळ, मोकळं कपाळ, पायात पुरुषी वहाणा, मांडीवर आडवी काळी छत्री. एका गाडीवानाने त्यांना वळसा घालायला बैल आवरले आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. म्हातारे अत्तारचाचा त्याला दबक्या आवाजात म्हणाले, "हळू हाक बाबा. बाई खुर्ची बघतायत."

मी पुढे होऊन म्हटलं, "मी नवी असिस्टंट. आजच पुण्याहून आले."

डोळे न उघडता बाई म्हणाल्या, "उभ्या आहात?"

"हो."

"राहा अजून जरा. सात मिनिटं झाली, आठ राहिलीत."

भर बाजारात, ट्रंकेशेजारी, मी आठ मिनिटं उभी राहिले. मग बाईंनी डोळे उघडले आणि चाचांना सांगितलं, "डाव्या खांद्याला उतार आहे हिला. नको." आणि माझ्याकडे वळून, "चला, चहा घेऊ."

विधवा बाईने भर पेठेत खुर्चीवर बसायचं, तेही पाय पसरून आणि डोळे मिटून, हे त्या काळी कुणाच्या पचनी पडण्यासारखं नव्हतं. पण बारामतीने ते नाइलाजाने पचवलं होतं. बाई सगळ्यांनाच अहोजाहो करत, त्यामुळे त्यांच्याशी भांडण कुठून सुरू करावं हे लोकांना कळत नसे. शाळेतल्या सहा वर्षांच्या पोरींनाही त्या "अहो शेवंताबाई, नाक पुसा" असं म्हणत. शेवंताबाई घाईघाईने नाक पुसत. पोरीच्या जन्मात तिला कुणी अहो म्हटलेलं नसायचं. एकेरी नावाने बाईंनी उल्लेख केलेला एकच माणूस मला आठवतो, तो म्हणजे आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. तोही पाठीमागे. तोंडावर रावसाहेब.

बाईंच्या दोन खोल्यांतली एक त्यांनी मला दिली. पहिल्याच आठवड्यात माझी हकीकत त्यांनी काढून घेतली. माझ्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं, मी माहेरी परत आले होते, आणि माहेरच्यांनी ट्रेनिंगला घातलं होतं. सांगताना मला रडू आलं. बाईंनी रडून होऊ दिलं आणि म्हणाल्या, "नवरा मोडका निघाला तर दुरुस्त होत नाही. खुर्ची होते. म्हणून मी खुर्च्या बघते."

मी रडता रडता हसले. मग विचारलं, "तुमचे यजमान?"

"माझ्या अकराव्या वर्षी गेले. मी त्यांना नीट बघितलंही नव्हतं. मी साधी खुंटी घ्यायची तर तीनदा बघते, आणि तिथे एकदाही नाही." असं म्हणून त्या वांगी चिरायला बसल्या.

तीनदा बघणं हे खरंच होतं. कुठलीही वस्तू असो, पहिल्या रविवारी नुसती बघायची, हात लावायचा नाही. दुसऱ्या रविवारी नावं ठेवायची. तिसऱ्या रविवारी वापरून बघायची. एवढं करून शंभरातल्या नव्वद वस्तू परत दुकानातच राहायच्या. त्यांच्या छत्रीच्या दांड्यावर चाकूने पाडलेल्या खाचा होत्या. खालची खाच रोपाच्या खड्ड्याची, मधली खुर्चीच्या बैठकीची, वरची टेबलाची. दुकानात शिरल्या की छत्री उलटी धरून त्या मापं घेत, आणि दुकानदार शिंप्यासमोर उभं राहिल्यासारखे श्वास रोखत.

त्या दिवसांत कालव्यावरचे साहेब बदलून जाताना आपलं सामान मागे टाकून जात. ते लिलावात निघे आणि चित्रविचित्र दुकानांत जाऊन पडे. अत्तारचाचांचं दुकान पुढून अत्तराचं होतं, पण मागे गेलात की भिंतीवरची बंद घड्याळं, काच नसलेले आरसे, हंड्या आणि एका हरणाचं पेंढा भरलेलं डोकं. शिवाय ते फुलझाडांचं बियाणंही विकत, आणि ते ठेवत अत्तराच्या रिकाम्या बाटल्यांत. बाई बी वासाने आणि दाताने पारखत. "चाचा, हा झेंडू आहे का?" "झेंडूच बाई." "मग ह्याला खसाचा वास कसा?" "अहो, फुकट आहे तो!"

टिनवाल्याकडे आम्ही झारी घ्यायला चार रविवार गेलो. तो राकेलच्या डब्यांच्या झाऱ्या करी, पण तोंडाला भोकं अशी मोठी पाडी की रोपावर पाणी न पडता पूर यायचा. शेवटी बाईंनी शाळेच्या कंपासपेटीतलं कर्कटक नेलं, त्याच्या फळीवर बसून पत्र्यावर एकात एक वर्तुळं आखली, आणि त्यांवर भोकं पाडून दाखवली. तो म्हणाला, "बाई, ह्ये तर शाळाच झाली." बाई म्हणाल्या, "मग पाटी घेऊन या उद्यापासून." तेव्हापासून बारामतीच्या झाऱ्यांना भूमितीची भोकं असत.

झारी हवी होती कारण शाळेमागे बाग होती. बाग बाईंनी पुस्तक वाचून लावली आणि पहिल्या वर्षी ती सगळी मेली. मग माळ्यांच्या एका मुलीला राहवेना. ती म्हणाली, "बाई, ह्ये असं लावलं तर मरतंयच." बाईंनी खुरपं तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "अहो सखूबाई, मग तुम्ही सांगा, आम्ही ऐकतो." हेडबाई आपलं ऐकतात ही बातमी मळ्यांमळ्यांतून पोहोचली. ज्या मुली कधी शाळेत फिरकल्या नव्हत्या त्या वाफे दाखवायला येऊ लागल्या, आणि आल्याच आहेत म्हणून पाटी धरू लागल्या. गुलबक्षी, शेवंती, दुधी भोपळ्याचा वेल, कढीलिंब, आणि निमगाव केतकीहून आणलेला पानाचा एक वेल. तो वेल बाईंना मुलासारखा होता, पण त्याला एकही पान धड येत नसे.

आता खुर्चीचं सांगते, कारण सगळं त्या खुर्चीपाशी येतं.

शाळेत एकच खुर्ची होती. तिला अभ्रा घातलेला असे आणि ती पाहुण्यांची, म्हणजे रावसाहेबांची. आम्ही दोघी शिकवायला उभ्या, लिहायला सतरंजीवर. दर तीन महिन्यांनी समितीची बैठक शाळेत भरे. पाच सभासदांपैकी बाकीच्या चौघांसाठी कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या कचेरीतून खुर्च्या येत, आणि बाई समोर उभ्या राहून अहवाल वाचत. अकरा वर्षं त्या उभ्या राहिल्या होत्या. कुणी मुद्दाम उभं केलं होतं असंही नाही. बसा म्हणायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, इतकंच.

बाई म्हणत, "मला चांगली खुर्ची मिळू द्या. मी ती बैठकीत नेणार आहे आणि बसणार आहे." हे त्या अकरा वर्षं म्हणत होत्या. चांगली खुर्ची मात्र मिळत नव्हती. ही उंच, ती बुटकी, हिची पाठ फार मागे जाते, तिला ढेकणांचा इतिहास आहे. आम्ही इंदापूरपर्यंत जाऊन खुर्च्या बघितल्या. इंदापूरला एका आबांचं दुकान होतं. आबा पूर्वी मोटेची चाकं करत. कालव्याचं पाणी आल्यावर मोटा बंद पडल्या आणि चाकं उरली, म्हणून त्यांनी जुन्या सामानाचं दुकान काढून सगळ्या खुर्च्या आढ्याला दोरांनी टांगून ठेवल्या होत्या. गिऱ्हाइकाने बोट दाखवलं की चाकावरून खुर्ची खाली येई, विहिरीतून घागर यावी तशी. "सोडू का खाली?" आबा दोर धरून ओरडत. बाई रविवारी पाच-पाच खुर्च्या खाली उतरवायला लावत आणि पाचही परत वर पाठवत. आबांचा दंड त्यामुळे चांगला कमावलेला होता.

मला हे सगळं गमतीचं वाटायचं. बाई कुणाला भितात हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

एके दिवशी रावसाहेबांची नवी मोटार आली. काळी, पितळी भोंग्याची. त्यांच्या घराच्या बोळात ती शिरेना. मग कळलं की शाळेमागच्या मोकळ्या जागेत मोटारीसाठी शेड बांधायची आहे, आणि पुढच्या बैठकीत ते मंजूर व्हायचं आहे. मोकळी जागा म्हणजे आमची बाग.

आमची शिपाईण कोंडाबाई ही बातमी घेऊन आली. ती धनगराची, उंच, खणखणीत आवाजाची. म्हणाली, "बाई, मंगळवारी बैठक हाय. बुधवारी खांब रोवत्यात म्हनं. काय करायचं?"

बाई पानाच्या वेलाला काठी बांधत होत्या. त्या बांधतच राहिल्या. कोंडाबाईच पुढे म्हणाली, "तुमी उभं ऱ्हाऊन बोलता ना, म्हून त्येंला ऐकू जात न्हाय. देवळाबाहीर उभ्या माणसासारखं वाटतं त्येंला. मागतंय काहीतरी."

रविवारी सकाळी आम्ही सर्व्हिस मोटारीने इंदापूरला गेलो. आबांच्या दुकानात शिरल्या, वर बघितलं आणि एका खुर्चीकडे छत्री रोखली. "ती."

ती शिसवाची होती, वेताच्या बैठकीची. हातांच्या टोकांना सिंहाची तोंडं कोरली होती आणि एका सिंहाला नाक नव्हतं. आबांनी ती खाली सोडली आणि सवयीने उन्हात मांडली.

"बांधा," बाई म्हणाल्या.

"बसून न्हाय बघायची?"

"नाही."

"डोळं मिटून?"

"नाही म्हटलं ना."

आबा माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "बाईंची तब्येत बरी हाय न्हवं?"

परतताना निमगावला पानांच्या करंड्या भरल्या आणि टपावर खुर्ची करंड्यांच्या वर चढली. गाव सोडून दोन मैल गेलो असू, मोटार खोकली आणि थांबली. ड्रायव्हर खाली उतरून इंजिनात डोकं घालून बसला. उन्हं चढलेली. पुरुष मंडळी बाभळीच्या सावलीला गेली, बायका मोटारीच्या सावलीला. बाई टपाकडे बघत उभ्या होत्या. मग त्यांनी कंडक्टरला सांगितलं, "ती खुर्ची खाली द्या."

खुर्ची रस्त्याच्या कडेला मांडली. बाई बसल्या. आणि मला म्हणाल्या, "समोर उभ्या राहा. तुम्ही रावसाहेब. मला उठवा."

"मी?"

"ओरडा माझ्यावर."

मी चाचरत म्हटलं, "बाई, उठा बरं."

बाई उठल्या.

स्वतःच दचकल्या. पुन्हा बसल्या. "पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हटलं आणि बाई पुन्हा उठल्या. शब्द पुरा व्हायच्या आत त्यांचे पाय सरळ झाले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती पाहिली. मला तेव्हा समजलं की अकरा वर्षं चांगली खुर्ची का मिळत नव्हती. दुकानात बसणं वेगळं होतं, तिथे कुणी ऊठ म्हणत नव्हतं. एकदा खुर्ची मिळाली की ती घेऊन त्या खोलीत जावं लागणार होतं.

बाभळीखालून एक म्हातारा धनगर हे सगळं बघत होता. सगळे त्याला तात्या म्हणत होते. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. तो उठून आला. "काय चाललंय म्हनायचं?"

मी थोडक्यात सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "पोरी, तुज्यानं व्हनार न्हाय. तुजा आवाज म्हंजी कोकरू. सर बाजूला."

काठी आपटून तो असा काही गरजला की मोटारीतली पोरं रडायला लागली. "अगं ए! ऊठ! कुनापुढं बसलीस?"

बाई टुणकन उठल्या.

"असं न्हाय," तात्या समजुतीने म्हणाले. "त्यो वराडला की तुमी त्येच्या तोंडाकडं बघू नगा. पायाकडं बघा. तुमच्या पायाकडं. आमी लांडगा आला की तेच करतो. टाचा रोवायच्या. टाचा उचलल्या की मेंढरू पळतंय, आन मग समदा कळप पळतोय."

अर्धा तास हे चाललं. सावलीतले लोक जवळ आले. एका पानवाल्याने रावसाहेब करून बघितलं, पण तात्यांनी त्याला हाकललं. बाई उठत होत्या, बसत होत्या, घामाने निथळल्या होत्या. शेवटी तात्या गरजले आणि बाईंच्या टाचा हलल्या, सुटल्या, आणि परत वहाणांवर टेकल्या. बाई बसून राहिल्या.

"आता जमलं," तात्या म्हणाले. त्याच वेळी मोटार चालू झाली आणि सगळे आपापल्या जागा पकडायला पळाले.

मंगळवारी बैठक भरली. रावसाहेब अभ्र्याच्या खुर्चीत, बाजूला एक वजनदार वकील, आणि तीन व्यापारी. मी नेहमीसारखी दाराशी उभी. कोंडाबाई डोक्यावर खुर्ची घेऊन आत आली, टेबलासमोर ठेवली आणि बाहेर जाऊन खिडकीशी उभी राहिली. बाई आल्या. बसल्या. छत्री मांडीवर आडवी ठेवली आणि अहवाल उघडला.

"बाई, हे काय?" रावसाहेब म्हणाले.

"अहवाल."

"मी खुर्चीचं विचारतोय."

"ती अहवालात येते. कलम चार, सामानसुमान."

वकिलांना हसू फुटलं, त्याचा त्यांनी खोकला केला.

"आमच्यासमोर कुणी बाई अशी बसलेली नाही आजवर."

"हो ना. मीच होते उभी. मला माहीत आहे."

रावसाहेबांनी टेबलावर हात आपटला. "उभ्या राहा!"

मी बाईंच्या टाचांकडे बघत होते. त्या सुटल्या. वहाणेपासून बोटभर वर आल्या. मग त्या हळूहळू खाली टेकल्या.

"नाही," बाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला की टोकाला बसलेल्या व्यापाऱ्याने विचारलं, "काय म्हणाल्या?"

आणि रावसाहेबांनाच सांगावं लागलं, "नाही म्हणाल्या."

ते लालबुंद झाले आणि ताडकन उठले. "मग या खोलीत मी बसणार नाही!" रावसाहेब उठले म्हणून बाकीचे चौघेही उठले. रावसाहेब तरातरा दाराशी गेले आणि तिथेच थांबले. मोटार जागेवर नव्हती. ड्रायव्हर त्यांच्या सासूबाईंना आणायला स्टेशनावर गेला होता. नवी मोटार घेतलेल्या माणसाने भर दुपारी बाजारातून पायी घरी जायचं, हे शक्य नव्हतं. ते परत आत आले. पण बसणार नाही असं तोंडाने बोलून गेले होते. खिडकीपाशी जाऊन ते पाठ करून उभे राहिले. ते उभे असताना बाकीच्यांना बसणं बरं दिसेना.

असे पाच पुरुष उभे, आणि बाई बसलेल्या.

"सुरुवात करू?" बाईंनी विचारलं. आणि त्यांनी सुरुवात केली.

एवढा सावकाश वाचलेला अहवाल मी जन्मात ऐकला नाही. हजेरी. पाट्या. फुटलेल्या पाट्या. आडाचा दोर. कलम चार आलं तेव्हा "शिसवी खुर्ची, एक, हेडबाईंनी शाळेस दिली" हे त्यांनी दोनदा वाचलं. मग बाग. प्रत्येक वाफ्यात काय आहे ते, अगदी पान न येणाऱ्या पानाच्या वेलासकट. "या बागेमुळे ज्या मुली शाळेत येऊ लागल्या त्यांची नावं वाचते," असं म्हणून त्यांनी एकेक नाव घेतलं. सखूबाई. शेवंताबाई. हौसाबाई. वकील एका पायावरून दुसऱ्या पायावर जात होते. एका व्यापाऱ्याने भिंतीचा आधार घेतला. बाई ताठ बसून वाचत होत्या, खुर्चीच्या पाठीला पाठ टेकवून, जराही इकडे तिकडे न होता. नावं संपतात न संपतात तोच बाहेर भोंगा वाजला आणि रावसाहेब निघून गेले.

संध्याकाळ व्हायच्या आत कोंडाबाईने गावाला सांगून टाकलं होतं. "पाच बाप्ये उभं, आन आमची बाई बसल्याली! मी माज्या डोळ्यानं बघितलं!" अत्तारचाचा गिऱ्हाइकाला बोट दाखवून सांगत, ह्याच फळीपुढे शिकल्या त्या बसायला.

बागेत शेड झाली नाही. शाळेच्या दारावरून मोटार काढायची म्हणजे रोज ती खिडकी बघायची, ते रावसाहेबांना नको झालं असावं. शेड जिनिंगजवळ झाली. पण महिन्याभरात पुण्याहून बाईंच्या बदलीचा हुकूम आला, बावड्याला. बाग राहिली आणि बाई गेल्या.

निघताना चाचांनी खसाच्या वासाचं बियाणं दिलं, टिनवाल्याने वर्तुळांची झारी दिली. मुली रांगेने उभ्या होत्या आणि बाई एकेकीला "येते हं हौसाबाई" असं म्हणत होत्या. मला रडू आवरेना. मी विचारलं, "बाई, वाईट वाटतंय का?" त्या मोटारीच्या सीटवर हात दाबून बघत म्हणाल्या, "बावड्याला दुकानं कशी आहेत कुणास ठाऊक." खुर्ची त्यांनी नेली नाही. अहवालात शाळेची म्हणून लिहिली होती.

पुढच्या बैठकीला हेडबाई म्हणून मी. वय बावीस. उभी राहीन, काय बिघडतं, असं मी आदल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. पण कोंडाबाईने मला न विचारता खुर्ची आत नेऊन मांडली. रावसाहेबांनी खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीचा हात धरून उभी.

वकील पुढे वाकून कळवळून म्हणाले, "बसा हो बाई, बसा लवकर. मागच्या वेळेचे माझे गुडघे अजून धरलेत."

रावसाहेब खिडकीबाहेर बघू लागले. मी बसले.

आणि अहवाल उघडून बाईंसारखी पाठ टेकवली, तोच डाव्या खांद्याखाली असं काही टोचलं की माझ्या तोंडून किंकाळीच निघायची. मी पुढे सरकले आणि सगळा अहवाल टोकावर बसून वाचला. बैठक संपल्यावर खुर्ची उलटीपालटी करून बघितली. पाठीच्या पट्टीतून एका खिळ्याचं टोक चांगलं पाव बोट बाहेर आलं होतं.

कोंडाबाईला विचारलं तर ती खाली बघून म्हणाली, "मोटारीत हादरून पट्टी निघाली व्हती. त्या मंगळवारी सकाळी मीच वरवंट्यानं ठोकला खिळा. जरा लांबच व्हता. बाईंला टोचला आसंल का वो?"

मी बावड्याला कार्ड टाकलं. खिळ्याचं लिहिलं, माफी मागितली, आणि विचारलं की तुम्ही पाठ टेकवून बसला होतात, तेही एवढा वेळ, मग तुम्हाला कळलं कसं नाही?

आठ दिवसांनी उत्तर आलं. वर बावड्याच्या दुकानांबद्दल तक्रारी होत्या. इथे एकच दुकान आहे आणि तेही नवीन सामानाचं, म्हणजे रविवार कसा काढावा हा प्रश्नच आहे. मग शेवटी लिहिलं होतं:

"खिळा मला बसल्याबरोबर लागला. पट्टी सुताराकडून काढून घ्या. मीच जरा उठून बाजूला झाले असते, पण मग रावसाहेबांना वाटलं असतं, त्यांच्यासाठी उठले."